वांगे : वनस्पती, भाजी आणि शब्द

प्रस्तावना

मराठी घरांतील रोजच्या भाज्यांचे मूळ शोधू लागले, तर त्यांतील बऱ्याच भाज्यांची वाट समुद्रापलीकडे जाते. बटाटा, टोमॅटो, मिरची, लाल भोपळा आणि भुईमूग ही सगळी अमेरिका खंडातील पिके असून युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकापासून पुढे टप्प्याटप्प्याने भारतात आली. कोबी आणि फ्लॉवर यांचा उगम भूमध्य समुद्राच्या परिसरातला. वांग्याची गोष्ट उलट आहे. ते याच भूमीत आणि तिच्या पूर्वेकडील शेजारी प्रदेशांत माणसाळले, येथून पश्चिमेला गेले आणि जाताना आपले नावही बरोबर घेऊन गेले. इतके असूनही मराठीत या पिकाविषयी लिहिले गेले ते बहुतांशी लागवडीच्या पुस्तिकांत आणि पाककृतींच्या संग्रहांत. वनस्पतिशास्त्रज्ञ वांग्याच्या फुलाचा अभ्यास करतो, भाषाशास्त्रज्ञ त्याच्या नावाचा, वैद्य त्याच्या गुणदोषांचा आणि शेतकरी त्यावरील अळीचा. पण या चौघांच्या ज्ञानाची एकमेकांशी गाठ घालून दिली, तरच या फळाचा पूर्ण इतिहास हाती येतो, अशी प्रस्तुत ग्रंथाची भूमिका आहे.

वांग्याचे शास्त्रीय नाव सोलॅनम मेलाँजेना. कार्ल लिनीअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ते दिले. सोलॅनम ही प्रजाती, म्हणजे परस्परांशी जवळचे नाते असलेल्या जातींचा गट, सपुष्प वनस्पतींतील अत्यंत मोठ्या प्रजातींपैकी एक असून तिच्यात हजाराहून अधिक जातींचा समावेश होतो. बटाटा आणि टोमॅटो हेही याच प्रजातीतले, तर मिरची, तंबाखू आणि धोतरा ही सोलॅनेसी या त्याच कुलातली, पण वेगळ्या प्रजातींतली झाडे होत. अन्न, मसाला, व्यसन आणि विष या चारही गोष्टी माणसाला पुरवणारे हे कुल असल्याने त्यातील एखादी नवी वनस्पती समोर आली की, लोकांनी तिच्याकडे आधी संशयाने पाहिले. वांग्यालाही या संशयाचा वाटा मिळाला. मात्र बटाटा आणि टोमॅटो हे नव्या जगातले, तर वांगे जुन्या जगातले. आफ्रिकेत सोलॅनम इथिओपिकम आणि सोलॅनम मॅक्रोकार्पन अशा आणखी दोन वांग्यांची लागवड होते. त्यांची फळे आणि पाने तेथील लोक आवडीने खातात. आपले वांगे या दोघांहून वेगळे, आशियात घडलेले आहे.

झाड म्हणून पाहिले तर वांगे हे खरे बहुवर्षायू, म्हणजे अनेक वर्षे जगू शकणारे झुडूप आहे. शेतात ते एका हंगामापुरते लावले जाते, म्हणून त्याला वर्षायू समजण्याचा प्रघात पडला. परसातले जुने वांग्याचे झाड छाटले की पुन्हा फुटते, हा अनुभव घरोघरी आहे. त्याच्या खोडापानांवर तारकाकृती केसांची लव असते आणि अनेक वाणांच्या देठांवर, संवर्तावर, इतकेच काय पानांच्या शिरांवरही काटे असतात. संवर्त म्हणजे फुलाच्या तळाशी असलेला हिरव्या दलांचा वेढा. बहुतेक फळांत तो फुलाबरोबर सुकून जातो. वांग्यात मात्र तो फळाबरोबर वाढतो आणि शेवटी फळाच्या डोक्यावरची हिरवी टोपी होऊन राहतो. वांगे ताजे आहे की शिळे, हे बाजारात याच टोपीच्या रंगावरून आणि तिच्या काट्यांच्या ताठपणावरून ओळखले जाते.

फुलाची रचना थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. जांभळे फूल खाली मान घालून असते. त्याच्या पाकळ्या तळाशी एकमेकींना जुळलेल्या असतात आणि मध्यभागी पिवळ्याधमक परागकोशांचा, म्हणजे पराग साठवणाऱ्या पिशव्यांचा, शंकू उभा असतो. इतर बहुतेक फुलांचे परागकोश उभे चिरले जाऊन उघडतात. वांग्याच्या परागकोशाला केवळ टोकाशी बारीक छिद्रे असतात, त्यामुळे आतला पराग सहजासहजी बाहेर पडत नाही. फुलात मधही नसतो. सुतार भुंगा किंवा तशाच काही रानमाश्या या शंकूला पायांनी घट्ट धरतात, पंख मिटलेले ठेवून उडण्याचे स्नायू वेगाने थरथरवतात आणि त्या कंपनाने छिद्रांतून परागाचा फवारा त्यांच्या पोटावर पडतो; या प्रकाराला कंपन-परागीभवन म्हणता येईल. मधमाश्यांना ही युक्ती येत नाही. वांगे मुख्यतः स्वतःच्याच परागाने फळते, वाऱ्याच्या हेलकाव्यानेही थोडा पराग झडतो, पण भुंग्यांच्या येण्याजाण्याने फळधारणा सुधारते. शिवाय एकाच झाडावर लांब, मध्यम आणि आखूड किंजलांची, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाला आधार देणाऱ्या दांड्यांची, फुले येतात. आखूड किंजलाची फुले बहुधा गळून जातात. झाडावर फुले भरपूर दिसूनही फळे त्या मानाने कमी धरतात, त्याचे एक कारण हे आहे.

वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत वांगे हे मृदुफळ होय, म्हणजे एकाच किंजपुटापासून वाढलेले, आत कठीण कोय नसलेले आणि गरात अनेक बिया रुतलेले फळ. भाजी म्हणून ते कोवळे असतानाच तोडले जाते. झाडावर राहिले तर ते पिवळे किंवा तपकिरी पडते, बिया टणक होतात आणि कडवटपणा वाढतो. गर स्पंजासारखा सच्छिद्र असून पेशींमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. वांग्याचे काप तेल पितात, याचे मूळ या पोकळ्यांत आहे. मीठ लावून ठेवले किंवा आधी वाफवून घेतले की या पोकळ्या दबतात आणि तेल कमी लागते. सालीचा जांभळा रंग नासुनिन या अँथोसायनिन वर्गातील रंगद्रव्याचा. कापल्यावर गर काळा पडतो तो त्यातील क्लोरोजेनिक आम्लाचा हवेतील ऑक्सिजनशी विकरांच्या साहाय्याने संयोग झाल्यामुळे. चिरलेली वांगी लगेच मिठाच्या पाण्यात टाकण्याची घरोघरची रीत या रासायनिक क्रियेला आळा घालणारी आहे आणि विकर हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधीपासून ती पाळली जात आहे.

लागवडीच्या वांग्याचा रानटी पूर्वज म्हणून अभ्यासक आज सोलॅनम इन्सॅनम या जातीकडे बोट दाखवतात. दक्षिण व आग्नेय आशियात ती आजही रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर आणि गावाच्या उकिरड्यांलगत उगवते. फळे लहान, गोल, हिरवी, गडद पट्ट्यांची आणि पिकल्यावर पिवळी होणारी असतात. या गटाचे दूरचे पूर्वज आफ्रिकेतले असून तेथून ते आशियात पसरले, आणि आशियात आल्यावर माणसाच्या निवडीने त्यातून खाण्याजोगे वांगे तयार झाले. ही निवड एकट्या भारतातच झाली, की चीन आणि आग्नेय आशियातही स्वतंत्रपणे झाली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र भारत हे वांग्याच्या विविधतेचे प्रमुख केंद्र आहे, याबद्दल रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांच्या काळापासून एकमत आहे. हरियाणातील फरमाणा येथील हडप्पाकालीन वस्तीत सापडलेल्या अवशेषांवरील पिष्टकणांच्या, म्हणजे वनस्पतीतील स्टार्चच्या सूक्ष्म कणांच्या, अभ्यासात आले आणि हळद यांच्या जोडीला सोलॅनम प्रजातीतील, बहुधा वांग्याच्याच, खुणा आढळल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. चीनमध्ये वांग्याचा लेखी उल्लेख इ. स. पूर्व ५९ मधील वांग पाओ याच्या एका लेखनात मिळतो आणि सहाव्या शतकातील एका चिनी शेतीग्रंथात त्याचे बी कसे काढावे व रोप कसे लावावे याची माहिती आहे. या पिकाची जोपासना किमान दोन हजार वर्षे अखंड चालत आली आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

निवड करणाऱ्या माणसाने काय काय बदलले, हे पाहायचे असेल तर वांग्याच्या रानटी भावंडांकडे वळावे लागते. महाराष्ट्राच्या माळरानावर जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या लांब काट्यांची भुईरिंगणी आणि उभी वाढणारी डोरली या दोन सोलॅनम प्रजातीतल्याच वनस्पती होत. आयुर्वेदात त्यांना अनुक्रमे कंटकारी व बृहती म्हणतात. लघुपंचमुळांत त्या दोन्ही मोडतात आणि त्यामुळे दशमुळांतही येतात. गुजरातीत वांग्यालाच रिंगण म्हणतात, हे लक्षात घेतले तर रानातली औषधी आणि मळ्यातली भाजी यांचे नाते बोलणाऱ्या लोकांनी ओळखले होते, असे म्हणता येते. वांगे स्वतः वैद्यकात वार्ताक, वार्ताकी, वृन्ताक आणि भण्टाकी अशा नावांनी येते. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात कोवळ्या आणि पिकलेल्या वांग्याचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत, आणि कोंबडीच्या अंड्याएवढ्या पांढऱ्या वांग्याचाही स्वतंत्र उल्लेख करून ते मूळव्याधीत हितकर मानले आहे. इंग्रजीत अठराव्या शतकात या फळाला एगप्लांट, म्हणजे अंड्याचे झाड, असे नाव पडले तेही अशाच पांढऱ्या, लहान आणि अंडाकृती वाणांवरून. या नावाचे आज जांभळ्या वांग्याकडे पाहून आश्चर्य वाटते. पण भावप्रकाशातील नोंद हाताशी असली की ते उरत नाही.

नावाचा प्रवास हा या ग्रंथाचा दुसरा मोठा विषय आहे. संस्कृत कोशांत मिळणारा ‘वातिंगण’ हा शब्द प्राकृतात ‘वाइंगण’ झाला आणि हिंदी ‘बैंगन’, बंगाली ‘बेगुन’, कोंकणी ‘वायंगण’ आणि मराठी ‘वांगे’ या शब्दांचा संबंध त्याच्याशी जोडला जातो. ‘वात दूर करणाऱ्यांचा गण’ अशी या शब्दाची फोड अनेकदा केली जाते, परंतु शब्दाचा उगम सांगण्यासाठी ती पुरेशी नाही; मल्याळममधील ‘वळुतन’ यासारखी रूपे पाहता मूळ शब्द द्राविड भाषांतून संस्कृतात आला असावा आणि मग त्याला संस्कृत वळण दिले गेले असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. पुढची वाट अधिक निश्चित आहे. फारसीत तो ‘बादिंगान’ झाला, अरबीत ‘बादिंजान’ आणि तुर्कीत ‘पात्लिजान’. अरबी उपपद ‘अल्’ शब्दाला चिकटून कॅटलन भाषेत ‘आल्बर्जिनिया’ आणि त्यावरून फ्रेंचमध्ये ‘ओबर्जीन’ तयार झाले. उपपद न घेता स्पॅनिशमध्ये ‘बेरेनहेना’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘बेरिंजेला’ असे रूप आले.

या शब्दाच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा महाराष्ट्र आणि गोव्याला थेट लागून आहे. १५१० मध्ये गोवा ताब्यात घेतल्यावर पोर्तुगीजांनी किनाऱ्यावरच्या वांग्यांना आपल्या भाषेतील ‘बेरिंजेला’ म्हटले आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी तोच शब्द उचलून ‘ब्रिंजल’ केला. आज महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांची इंग्रजी प्रकाशने, बियाण्यांची पाकिटे आणि बाजार समित्यांच्या नोंदी ज्या शब्दाचा वापर करतात तो शब्द, म्हणजे, येथूनच निघालेला, इराण, अरबस्तान आणि इबेरियाचा फेरा मारून आलेला आपलाच जुना शब्द आहे. पुढे वसाहतींच्या मळ्यांबरोबर तो आणखी दूर गेला. वेस्ट इंडीज बेटांवर ‘ब्राउन जॉली’ असे त्याचे रूप झाले, तर मॉरिशस आणि रेयुनियन या बेटांवर फ्रेंच वळणाची भाषा बोलणारे लोकही ‘ओबर्जीन’ न म्हणता ‘ब्रेंजेल’ म्हणतात, याचे कारण तेथवर हे फळ आणि त्याचे नाव हिंदी महासागराच्या मार्गाने पोहोचले. शब्दांचा नकाशा आणि व्यापाराचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहण्याची ही उत्तम संधी आहे.

शब्दाबरोबर पदार्थही गेले आणि आले. बगदादचा अब्बासी खलिफा अल्-मामून याचा बुरान हिच्याशी ८२५ साली थाटाने विवाह झाला. तिच्या नावाशी जोडलेला वांग्याचा पदार्थ अरब जगात प्रसिद्ध झाला, इराणात ‘बोरानी’ या नावाने राहिला आणि स्पेनमध्ये ‘आल्बोरोनिया’ होऊन आजही शिजवला जातो. बाराव्या शतकातील सेव्हिलचा शेतीतज्ज्ञ इब्न अल्-अव्वाम याने वांग्याच्या चार प्रकारांचे वर्णन केले आहे. अकबराच्या काळातील ऐन-ए-अकबरीत मांसाशिवाय होणाऱ्या पदार्थांत ‘बादिंजान’चा स्वतंत्र समावेश आहे, म्हणजे भारतात जन्मलेली भाजी फारसी नावाने पुन्हा भारतीय दरबाराच्या यादीत आली. मराठी स्वयंपाकातही अशीच गुंफण दिसते. भरली वांगी हा पदार्थ अस्सल गावरान मानला जातो आणि तो तसा आहेही, पण त्यातले दाण्याचे कूट आणि लाल तिखट या दोन्ही वस्तू अमेरिकेतून आलेल्या पिकांच्या आहेत. तीळ, सुके खोबरे आणि वांगे मात्र जुन्या जगातले. बाहेरून आलेले पीक सामावून घेण्याचे काम या जुन्या फळाने शतकानुशतके केले आहे.

युरोपात मात्र वांग्याचे स्वागत झाले नाही. इटालियन ‘मेलांत्साना’ हा शब्द लोकांनी ‘वेडे फळ’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीत फोडला. इंग्रज वनस्पतितज्ज्ञ जॉन जेरार्ड याने १५९७ साली आपल्या ग्रंथात ते खाण्यापासून लोकांना सावध केले, आणि आज रानटी पूर्वजाच्या शास्त्रीय नावात दिसणारा ‘इन्सॅनम’ हा शब्दही ‘वेडा’ याच अर्थाचा आहे. भारतातही वांग्याकडे निर्मळ नजरेने पाहिले गेले असे नाही, मात्र येथील आक्षेपाचे कारण वेगळे होते. जैन परंपरेत पुष्कळ बिया असलेल्या फळांत जीवहिंसा अधिक, या विचाराने वांगे अभक्ष्यांत गणले जाते. मराठी हिंदू घरांत आषाढी एकादशीपासून सुरू होणाऱ्या चातुर्मासात कांदा-लसणाबरोबर वांगेही वर्ज्य करतात, आणि त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, ते मनसोक्त खाऊन घेतात. पावसाळी दमट हवेत फळात अळी अधिक पडते, हे या वर्ज्यतेचे एक व्यावहारिक कारण सांगितले जाते. व्रत संपते तेही वांग्यानेच: मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखवला जातो, आणि त्यानंतर अनेक घरांत वांगी पुन्हा खायला सुरुवात होते. जे फळ ग्रंथांनी संशयास्पद ठरवले तेच महाराष्ट्राच्या लोकदैवताच्या नैवेद्यात मानाने बसले, हे या संस्कृतीच्या अभ्यासकाने विसरू नये.

ग्रंथ आणि व्यवहार यांतला हा ताण लोकभाषेने फार नेमका पकडला आहे. पुराणिकाने पुराणात वांगी निषिद्ध सांगितली, ती ऐकून त्याच्या पत्नीने वांगी शिजवली नाहीत, आणि जेवताना मात्र त्याने ती मागितली, या कथेवरून आलेली ‘पुराणातली वांगी पुराणात’ ही म्हण उपदेश आणि आचरण यांतील अंतर दाखवण्यासाठी आजही वापरली जाते. एकावरचा राग दुसऱ्यावर काढणे यासाठी ‘वड्याचे तेल वांग्यावर’ हा वाक्प्रचार आहे. इतक्या साध्या भाजीला म्हणींत जागा मिळाली, कारण ती प्रत्येक घरात होती. श्रीमंताच्या मेजवानीतही आणि शेतमजुराच्या भाकरीबरोबरही.

महाराष्ट्र आणि गोव्यातील वांग्यांची विविधता हा या ग्रंथाचा सर्वांत विस्तृत भाग आहे. पुणे परिसरातील मांजरीच्या नावाने ओळखले जाणारे मांजरी गोटा हे गोल, गुलाबी-जांभळट, पांढऱ्या रेघांचे वांगे. कृष्णाकाठच्या गाळाच्या जमिनीत पिकणारी सांगली-साताऱ्याकडची काटेरी वांगी. गोव्यातील आगशीची मोठी वांगी. आणि खानदेशातील हिरवी, पांढरट छटेची, मुठीत न मावणारी भरताची वांगी, ही केवळ काही नावे झाली. शेजारच्या कर्नाटकात उडुपीजवळ मट्टू गावी होणारा फिकट हिरवा मट्टू गुळ्ळा, ज्याचे बी वादिराज स्वामींनी दिल्याची श्रद्धा आहे, त्याला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जळगाव भरीत वांगे या नावाने खानदेशच्या वांग्याला ते २०१६ साली मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी गुणांनी बांधलेल्या उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण. वाण आणि पाककृती यांचे नाते किती घट्ट असते, याचा पुरावा म्हणून खानदेशी भरीत पाहावे. यावल तालुक्यातील बामणोद किंवा जळगावजवळचे आसोदे यांसारख्या गावांची नावे या वांग्यांशी जोडली गेली आहेत. या वांग्यात बिया कमी आणि गर भरपूर असतो. तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर ते आख्खे भाजतात. काड्यांचा जाळ जोरकस पण थोडा वेळ टिकणारा असल्याने साल जळते आणि आतला गर आपल्याच वाफेत शिजतो, शिवाय धुराचा वासही त्यात उतरतो. मग साल काढून, देठ धरून, भाजलेल्या हिरव्या मिरच्यांसह तो लाकडी बडगीत ठेचतात, वर तेलात दाणे, लसूण आणि कांद्याची पात यांची फोडणी देतात आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. बियाळ, पातळ गराचे वांगे घेऊन हा पदार्थ होत नाही. वाण गेला की पदार्थही जातो. हीच गोष्ट रायगडातील पोपटीला, विदर्भातील लग्नाच्या पंगतीतल्या भाजीला आणि किनाऱ्यावरच्या सुकट-वांग्यालाही लागू आहे.

आज या विविधतेवर अनेक बाजूंनी ताण आहे. वांग्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे शेंडे आणि फळे पोखरणारी अळी. तिचा पतंग कोवळ्या भागांवर अंडी घालतो, अळी शेंड्यात किंवा फळात शिरते, शेंडा मलूल होऊन खाली वाकतो आणि फळ बाहेरून सुंदर दिसत असताना आतून पोखरलेले निघते. ती आत शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून शेतकरी वारंवार फवारतो, आणि फवारणी वाढली की भुंगे व मित्रकीटकही मरतात. वाकलेले शेंडे अळीसह खुडून नष्ट करणे, नर पतंगांना मादीच्या गंधाने आकर्षित करणारे कामगंध सापळे लावणे आणि एकाच शेतात वांग्यामागून वांगे न घेणे हे उपाय उपयोगी आहेत, पण त्यासाठी संपूर्ण शिवाराने एकत्र काम करावे लागते. तुडतुड्यांमार्फत पसरणारा पर्णगुच्छ, ज्याला शेतकरी बोकड्या म्हणतात, पाने बारीक करून झाडाला फळ धरू देत नाही. जमिनीतल्या जिवाणूंमुळे होणारी मर उभे झाड एकाएकी सुकवते.

या अळीच्या प्रश्नातूनच बीटी वांग्याचा वाद उभा राहिला. जालन्यातील महिको या बियाणे कंपनीने काही कृषी विद्यापीठांच्या सहकार्याने जमिनीतील एका जिवाणूचे जनुक असलेले वांगे विकसित केले, जे अळीला स्वतःच मारक ठरते. केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्याला मान्यता दिली. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच्या व्यापारी लागवडीला स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ साली अशा वांग्याला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी तेथे लागवड सुरू झाली. फवारणी घटवण्याची गरज खरी आहे, तसेच ज्या देशात एखाद्या पिकाचे जंगली नातेवाईक आणि शेकडो गावरान वाण शेजारी शेजारी वाढतात, तेथे नव्या जनुकाचा प्रवेश सावधपणे तपासायला हवा, हेही खरे आहे. या दोन्ही बाजू समान गांभीर्याने मांडणे हे या ग्रंथाने आपले कर्तव्य मानले आहे.

परंतु गावरान वाण हरवण्याचे मुख्य कारण संकरित बियाण्याचा प्रसार हेच आहे. संकरित बियाणे उत्पादन देते आणि शहरी बाजाराला एकसारखे फळ देते, म्हणून त्याचा स्वीकार समजण्यासारखा आहे. मात्र त्याच्या फळातून काढलेल्या बीमधून तेच गुण पुन्हा मिळत नाहीत आणि शेतकऱ्याला दरवर्षी नवे बी घ्यावे लागते. उलट गावरान वांगे बहुधा स्वपरागीभवनाने फळत असल्याने त्याचे बी घरच्या घरी टिकवता येते. निरोगी झाडावरचे एक चांगले फळ पिवळे पडेपर्यंत ठेवावे, कापून बिया पाण्यात चोळून धुवाव्यात, तळाशी बसलेले जड बी घेऊन सावलीत वाळवावे आणि राखेत मिसळून डब्यात ठेवावे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दोन वाण शेजारी असतील तर भुंग्यामुळे थोडा मेळ होतो, म्हणून अंतर ठेवावे लागते, एवढीच काळजी. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो, ज्याचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्यात आहे, गावोगावची बियाणी जमवून शीतगृहांत जपते. पण शेतात न पिकवलेले बी हवामानाशी आणि किडींशी जुळवून घेत राहत नाही, म्हणून शीतगृह हा शेताला पर्याय होऊ शकत नाही. वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्याला आपला वाण नोंदवण्याचा आणि बी राखून ठेवण्याचा हक्क आहे. या हक्काचा वापर अजून फार थोड्या ठिकाणी होतो.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत ग्रंथाची मांडणी तीन भागांत केली आहे. पहिल्या भागात वनस्पती, तिची उत्पत्ती आणि तिची रानटी भावंडे यांचा विचार आहे. दुसऱ्यात नावे, प्रवास, वैद्यक, व्रते आणि म्हणी यांचा. तिसऱ्यात महाराष्ट्र आणि गोव्यातील वाण, पाककृती, लागवड आणि रोगकिडी यांचा. एका भागातले पुरावे दुसऱ्या भागातल्या प्रश्नांना कसे उपयोगी पडतात, हे प्रत्येक ठिकाणी दाखवण्याचा प्रयत्न आहे, कारण पांढऱ्या वांग्याची नोंद वैद्यकात असते आणि तिच्यामुळे एका इंग्रजी नावाचा अर्थ उलगडतो, किंवा एखाद्या भरताची रीत पाहिली की एका वाणाचे गुण लक्षात येतात.

वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. आपल्या गावात, परसात किंवा मंडईत मिळणाऱ्या वांग्याचे स्थानिक नाव, त्याचा आकार, रंग, काटे, चव, हंगाम आणि त्यापासून होणारा पदार्थ यांची नोंद करावी. आणि ज्यांच्याकडे जमीन किंवा कुंडी आहे त्यांनी एका गावरान वाणाचे बी दरवर्षी राखून पुढे कोणाला तरी द्यावे. वांग्याचा इतिहास हजारो वर्षे शेतकऱ्यांनी आणि स्वयंपाकघरातील स्त्रियांनी लिहिला आहे. पुढचा इतिहास लिहिण्याची जबाबदारी आता त्यांच्याबरोबर आपल्या सर्वांवर आहे.